फूलबाजारातलं फोटोशूट : एका साडी ब्रँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या साडी ब्रँडचं आहे. दुकान नाही, सगळी विक्री ऑनलाइन. मालकीणबाई आणि हाताखाली चार-पाच माणसं. माल मुख्यतः इरकल आणि खण. इलकल आणि गुळेदगुड्ड ही दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली, पण तिथल्या मागावरचं कापड महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसलं जातंय. त्यामुळे गिऱ्हाईक पुण्याचं, ठाण्या-डोंबिवलीचं आणि थोडंफार परदेशातलं मराठी. नावं वगळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. शूटच्या दिवशी मी तिथे नव्हते. मोहीम संपल्यावर मालकीणबाईंनी मला सगळ्यांशी बोलून हा आढावा लिहायला सांगितला, म्हणून मालकीण, फोटोग्राफर, प्रॉडक्शन सांभाळणारा, साडी नेसवणाऱ्या बाई आणि बाजारातल्या दोन विक्रेत्या अशा सगळ्यांच्या तोंडून हे ऐकलं आहे. प्रत्येकाची गोष्ट थोडी वेगळी निघाली, हे ओघाने आलंच.

तोवर या ब्रँडची सगळी शूट भाड्याच्या वाड्यात होत. तोच झोपाळा, तीच समई, तेच तुळशीवृंदावन. मालकीणबाईंचं म्हणणं असं की चार ब्रँडचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर आपला कुठला हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नसे. पाडव्याच्या मोहिमेसाठी त्यांना वाडा नको होता, रस्ता हवा होता. फेब्रुवारीतला एक रविवार, बारा साड्या, दोन मॉडेल, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एका दिवसात काम उरकायचं, असं ठरलं.

जागांची निवड

पहिली पसंती अर्थातच गेटवेला होती. मुंबई म्हटलं की सगळ्यांची असते. प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याने ती पहिल्याच बैठकीत मोडीत काढली. गेटवे हे राज्य संरक्षित स्मारक, त्यामुळे परवानगीचा मार्ग वेगळा आणि लांबचा. रविवारची गर्दी आवरणं अशक्य. शिवाय तिथे कुठेही कॅमेरा लावला तरी मागे ताजमहाल पॅलेस येतं, आणि त्या इमारतीच्या रूपाची २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंद झालेली आहे. पर्यटकाने फोटो काढला तर कोणी विचारत नाही. पण साडी विकण्यासाठी ती इमारत फ्रेममध्ये ठेवली तर उद्या नोटीस येऊ शकते, आणि ती लढवण्याची ऐपत या ब्रँडची नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही याच बैठकीत बाद झालं. बाहेरच्या रस्त्यावर उभं राहायला जागा नाही, आणि आत जायचं तर रेल्वेची परवानगी आणि तिचं शुल्क. ड्रोनचा विषय निघाला तसा मिटला.

उरल्या दोन जागा. सकाळी दादर पश्चिमेचा फूलबाजार, म्हणजे सेनापती बापट मार्गावरचं मीनाताई ठाकरे फूल मार्केट आणि त्याबाहेर बसणारे विक्रेते. दुपारी बॅलार्ड इस्टेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदराच्या भरावावर उभ्या राहिलेल्या एकसारख्या दगडी इमारती, रविवारी कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे. मुंबईत शूट करणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत हे नाव असतंच.

हातात कॅमेरा घेऊन एकट्याने रस्त्यावर फोटो काढायचे तर सहसा कोणी अडवत नाही. पण रिफ्लेक्टर, स्टँड आणि पंधरा माणसं घेऊन पदपथ अडवायचा असेल तर महापालिकेचा विभाग, स्थानिक पोलीस ठाणं आणि गरजेप्रमाणे वाहतूक पोलीस, एवढ्यांना विचारावं लागतं. दादर जी उत्तर विभागात, बॅलार्ड इस्टेट ए विभागात, म्हणजे दोन वेगळ्या फायली. दोन्हीकडचे कागद शूटच्या आदल्या शुक्रवारी हाती आले. मालकीणबाईंनी त्यांचे फोटो ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. ते कागद ओळ न ओळ वाचले एकट्या प्रॉडक्शनवाल्याने.

अडचण

टीम साडेपाचला पोचली. फूलबाजार तोवर रंगात आलेला असतो. टेम्पो रिकामे होत होते, डोक्यावर झेंडूच्या गोण्या घेतलेले हमाल अरुंद वाटेतून धावत होते. मॉडेलचे कपडे बदलण्यासाठी जवळच्याच एका चाळीत, साडी नेसवणाऱ्या बाईंच्या ओळखीने, पहिल्या मजल्यावरची खोली दिवसभरासाठी घेतली होती. (व्हॅनिटी व्हॅन तिथे त्या वेळी उभी करणं म्हणजे टेम्पोवाल्यांशी भांडण विकत घेणं. हा निर्णय उत्तम होता.)

परवानगी होती बाहेरच्या पदपथाची. फोटोग्राफरला मात्र मार्केटच्या आतली गल्ली आवडली. दोन्ही बाजूंना शेवंती आणि निशिगंधाचे ढीग, वर पिवळे दिवे, आणि मधून चालत येणारी हिरव्या इरकलीतली मॉडेल. फ्रेम खरोखर सुरेख होती, मी ते फोटो पाहिले आहेत. ‘दहाच मिनिटं’ म्हणून सगळे आत शिरले. गल्लीच्या तोंडाशी एक मावशी मोगऱ्याचे गजरे आणि सुट्टा झेंडू घेऊन बसल्या होत्या. त्यांची पाटी फ्रेमच्या कोपऱ्यात येत होती. असिस्टंट मुलाने ती उचलून बाजूला ठेवली.

‘पाटीला हात लावू नको, भवानी व्हायचीय अजून!’ मावशी ओरडल्या. मुलगा म्हणाला, ‘दो मिनट, आंटी.’

पुढची पाच मिनिटं प्रत्येकाने मला निराळी सांगितली, पण एवढं नक्की की गजऱ्यांची पाटी कलंडली, मागून येणारा हमाल ओझ्यासकट अडला, आणि समोरचा गाळेवाला बाहेर येऊन म्हणाला की याच गर्दीमुळे त्याची तीन गिऱ्हाइकं परत गेली. मोबाइल घेऊन बघे जमले आणि त्यांनी मॉडेलचेच व्हिडिओ काढायला सुरुवात केली. ती बिचारी नऊवारीत, अनवाणी, ओल्या फरशीवर उभी. बाजारातला जुना राग एकदम बाहेर पडला. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात, इन्स्टाग्रामवाले येतात, फुलांच्या ढिगात बसतात आणि एक गजरा विकत न घेता निघून जातात. हवालदार आला. त्याने कागद मागितला, शांतपणे वाचला आणि म्हणाला, ‘यात पदपथ लिहिलंय. तुम्ही आत काय करताय?’ मार्केटच्या इमारतीसाठी पालिकेच्या बाजार खात्याची स्वतंत्र परवानगी लागते. ती मागितलेलीच नव्हती.

तोवर साडेसहा झाले होते. बारापैकी एका साडीचे फोटो झाले होते, आणि तेही चुकीच्या जागेवर.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पैशांचा. अशा कामात प्रॉडक्शनवाल्याच्या खिशात सुट्ट्या नोटांचं पाकीट असतंच. पण त्या एका गल्लीत तीस-चाळीस विक्रेते. एकाला दिले की बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? शिवाय हवालदार समोर उभा असताना पाकीट काढण्याचा अर्थ वेगळाच होतो. मालकीणबाई या पर्यायाकडे झुकल्या होत्या, प्रॉडक्शनवाल्याने त्यांचा हात धरला.

दुसरा, कागद दाखवून हक्क सांगायचा. तो कागदानेच संपवला होता.

तिसरा, आत्ताच बॅलार्ड इस्टेटला जायचं. सकाळचा उजेड तिथे अप्रतिम असतो आणि फोटोग्राफर गाडीत बसायला तयार होता. पण तिथल्या कागदावर वेळ होती दुपारी दोन ते सहा. रविवारी वेळ बदलून देणारं कोणी कार्यालयात भेटणार नव्हतं. ‘तिथे सकाळी कोण विचारतंय?’ हा फोटोग्राफरचा मुद्दा खरा असेलही. पण एकाच दिवसात दुसऱ्यांदा कागदाबाहेर जायचं, आणि तेही पोलिसांनी एकदा हटकल्यावर, याला प्रॉडक्शनवाल्याने साफ नकार दिला. माझ्या मते दिवसभरातला हा सर्वांत चांगला निर्णय. त्याचं श्रेय त्याला कोणी दिलं नाही, उलट फोटोग्राफर त्याच्याशी दुपारपर्यंत बोलला नाही.

चौथा, शूट रद्द करून नवी तारीख. मॉडेल, मेकअप, कॅमेरा यांचे त्या दिवसाचे पैसे बुडणार, परवानग्या नव्याने काढाव्या लागणार, आणि पाडव्याचा माल साइटवर चढायला उशीर होणार. सणाच्या साडीला सणाआधीचे तीन-चार आठवडेच असतात.

पाचवा पर्याय टीममधल्या कोणाच्या डोक्यात नव्हता. साडी नेसवणाऱ्या बाई लालबागच्या. त्या मावशींसोबत खाली बसून सांडलेले गजरे गोळा करत होत्या. मावशी त्यांना म्हणाल्या, ‘दहा वाजता या की. घाऊकवाले जातात, आम्ही पण मोकळ्या असतो. तवा काढा काय ते फोटो.’

काय केलं

मालकीणबाईंनी पाचवा पर्याय घेतला. सगळ्यांना बाहेर काढलं, कलंडलेल्या पाटीतले सगळे गजरे मावशींनी सांगितलेल्या दराने विकत घेतले (हीच त्यांची भवानी झाली), आणि टीम चाळीत परतली.

मधल्या साडेतीन तासांचं काय करायचं? फोटोग्राफर फुरंगटून बसला होता. पण खोलीबाहेरच चाळीची लांब गॅलरी होती. लाकडी कठडा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एका कोपऱ्यात निवडुंगाच्या कुंड्या, आणि पूर्वेकडून येणारं कोवळं ऊन. गॅलरी खाजगी जागेत, म्हणजे पालिका नको, पोलीस नकोत, फक्त मजल्यावरच्या बिऱ्हाडांचा होकार हवा. पाच बिऱ्हाडांना दार वाजवून विचारलं. चौघांनी हो म्हटलं. पाचव्यांच्या घरी आजारी माणूस होतं, त्यांच्या दारासमोरचा भाग सोडून काम केलं. तीन साड्या इथे झाल्या.

दहाला परत बाजारात, या वेळी कागदावरच्याच पदपथावर, आणि रिफ्लेक्टरशिवाय. स्टँडही ठेवले नाहीत. बोलणी साडी नेसवणाऱ्या बाईंनी केली. ज्यांची जागा फ्रेममध्ये येणार अशा पाच विक्रेत्यांकडून चालू भावाने फुलं विकत घेतली आणि तीच फुलं फोटोत वापरली. ‘भरपाई’ हा शब्द कोणी काढला नाही. धंदा झाला, विषय संपला. मावशींनी एका मॉडेलच्या अंबाड्यावर स्वतःच्या हाताने गजरा माळला, तो या मोहिमेतला मुख्य फोटो ठरला.

एक तांत्रिक अडचण मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. दहाचं ऊन कडक असेल ही फोटोग्राफरची भीती खोटी ठरली, कारण विक्रेत्यांनी डोक्यावर ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. पण त्या निळ्या. वरून निळा उजेड, खालून झेंडूच्या ढिगावरून उसळणारा केशरी उजेड, आणि मध्ये साडी. इरकलीचा लाल टोपपदर निळ्याखाली जांभळट दिसायला लागला, मॉडेलची हनुवटी केशरी आणि कपाळ आजारी. साडी ऑनलाइन विकणाऱ्याला हे परवडत नाही. माल परत येण्याचं या ब्रँडचं पहिल्या क्रमांकाचं कारण ‘फोटोत रंग वेगळा होता’ हेच आहे. प्रत्येक साडीच्या सुरुवातीला ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठी वापरायचं ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) धरून एक फोटो काढला, त्यावरून नंतर रंग बसवता आले, पण दोन दिशांनी दोन रंगांचा उजेड असेल तर कार्डही एका मर्यादेपर्यंतच साथ देतं. शेवटी ताडपत्रीच्या कडेला, जिथे इमारतीची सावली पडत होती तिथे सरकून दोन साड्या पुन्हा काढल्या.

इथेच आणखी एक फोटो निघाला होता. एका विक्रेतीची सात-आठ वर्षांची मुलगी हातात तोरण धरून मॉडेलकडे बघतेय. टीमला तो सर्वांत आवडला. मालकीणबाईंनी तो वापरू दिला नाही. जाहिरातीत लहान मुलाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कामाच्या तासांची मर्यादा, मोबदल्यातला ठरावीक हिस्सा मुलाच्या नावे ठेव, असे नियम आहेत. आणि नियम बाजूला ठेवले तरी बाजारात फुलं धरून उभी असलेली मुलगी पाहून लोक सणाचा नव्हे, बालमजुरीचा विचार करणार.

बॅलार्ड इस्टेटचं काम सुरळीत झालं, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. परतताना फोर्टातल्या एका गल्लीत मोठं भित्तिचित्र दिसलं आणि गाडी थांबवून त्यापुढे दोन फोटो काढले गेले. ते एडिटिंगच्या टेबलावर बाद झाले. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो काढून छापायला आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. भिंतीवरच्या चित्राला ती सवलत तशीच्या तशी लागू होत नाही. मुंबईतल्याच एका भित्तिचित्राचा जाहिरातीत वापर झाल्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात, २०२३ मध्ये, न्यायालयाने संबंधित कंपनीला समाजमाध्यमांवरच्या पोस्ट काढायला सांगितलं होतं. चित्रकार शोधून लेखी परवानगी घेण्याइतका वेळ नव्हता.

निष्पन्न

बारापैकी दहा साड्यांचे वापरण्याजोगे फोटो मिळाले. उरलेल्या दोन नंतर स्टुडिओत काढल्या. ग्राहकांनी सर्वाधिक शेअर केले ते चाळीच्या गॅलरीतले फोटो, ज्यांची मुळात योजनाच नव्हती. बॅलार्ड इस्टेटचे फोटो देखणे पण थंड निघाले. दगडी कमानीपुढे इरकल नेसलेली बाई पर्यटक वाटते, हे मालकीणबाईंचंच मत आणि मला ते पटतं.

खरी अडचण पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात आली. गजरा माळतानाचा फोटो जाहिरात म्हणून चालवला जात होता. फ्रेममध्ये मावशींचा चेहरा समोरून, मॉडेलची पाठ. विरारला राहणाऱ्या त्यांच्या सुनेने मोबाइलवर तो पाहिला. मावशींनी संमतीपत्रावर सही केली होती, पाचशे रुपये घेतले होते. पण ते पत्र दोन पानी इंग्रजी होतं, ‘सर्व माध्यमांत, सर्व देशांत, कायमसाठी’ अशा भाषेतलं, आणि तोंडी त्यांना एवढंच सांगितलं होतं की फोटो नेटवर येईल. साडी नेसवणाऱ्या बाईंमार्फत त्यांचा निरोप आला : ‘फोटोत तिच्यापरीस मीच मोठी दिसते. मग तिला किती दिले?’

प्रश्न बिनतोड होता. मॉडेलचा दिवसाचा मेहनताना आणि पाचशे रुपये यांची तुलनाच होत नाही. वकिलाचा सल्ला असा की कागद पक्का आहे, काही करायची गरज नाही. मार्केटिंग बघणाऱ्या मुलीचं म्हणणं, चेहरा कापून फोटो चालवू. मालकीणबाईंनी दोन दिवस जाहिरात थांबवली, ऐन विक्रीच्या आठवड्यात, आणि फोटोची छापील प्रत घेऊन स्वतः दादरला गेल्या. सुनेला फोनवर घेऊन बोलणी झाली. नवी रक्कम, एक वर्षाची मुदत, फक्त ऑनलाइन वापर, साडीच्या खोक्यावर किंवा फलकावर नाही. मराठीत एक पान, वाचून दाखवून सही. जाहिरात पुन्हा सुरू झाली. दोन दिवसांत किती विक्री बुडाली हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. मार्केटिंगवाली म्हणते पुष्कळ, मालकीणबाई म्हणतात फार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बाजाराची पाहणी टीमने केली होती, पण दुपारी चारला, जेव्हा तिथे अर्ध्या जागा रिकाम्या असतात. ज्या वेळेला शूट त्याच वेळेला पाहणी झाली असती तर हमालांची वाट, भवानीची वेळ आणि ताडपत्रीचा रंग, तिन्ही गोष्टी आधीच कळल्या असत्या.

कागदावरची जागा आणि वेळ फोटोग्राफरपर्यंत पोचायला हवी होती. ‘परवानगी आहे’ एवढंच त्याला माहीत होतं. प्रॉडक्शनवाला म्हणतो की कागद ग्रुपवर होता. फोटोग्राफर म्हणतो की पहाटे तीनला उठून कोण पीडीएफ उघडणार. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच गाडीतून उतरण्यापूर्वी ते तोंडी सांगणं हे कोणा एकाचं काम म्हणून नेमून द्यायला हवं होतं.

दिवसात दोन जागा हा हावरेपणा होता. बॅलार्ड इस्टेट गाळलं असतं तर तो पैसा आणि ती दुपार गॅलरीतल्या कामाला मिळाली असती. मालकीणबाईंना हे मान्य नाही. त्यांच्या मते दोन तऱ्हेचे फोटो असल्यामुळेच दादरचे उठून दिसले.

सर्वांत मोठा मतभेद मोबदल्याबद्दल आहे आणि तो मिटलेला नाही. ज्याचा चेहरा ओळखू येतो अशा प्रत्येकाला फोटोच्या वापराप्रमाणे पैसे द्यावेत, असं मालकीणबाईंना आता वाटतं. प्रॉडक्शनवाला विरोधात आहे. तुम्ही भाव वाढवून ठेवताय, उद्या कॉलेजातली पोरं प्रकल्पासाठी फोटो काढायला गेली तर त्यांच्याकडेही हेच मागतील, असं तो म्हणतो. माझा कल मालकीणबाईंकडे आहे, पण मुख्य फोटोपुरता. मागे धूसर दिसणाऱ्या दहा माणसांचे करार करत बसलं तर रस्त्यावर कोणी शूटच करणार नाही.

गणपतीच्या मोहिमेची जागा अजून ठरायची आहे. फोटोग्राफर परळ-लालबागच्या मूर्तिशाळांवर अडून बसलाय, आणि त्या दिवसांत कारागिरांना डोकं वर करायला फुरसत नसते. या वेळी पाहणीला आधी साडी नेसवणाऱ्या बाईंना पाठवायचं ठरलंय. त्या दिवसाची त्यांची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी धरली आहे.